सेल्मोचे पन्नास

नेनिताच्या खानावळीत सकाळी सातला भांडण सुरू होतं आणि नऊला संपतं. मधे लुगाव, म्हणजे आपली तांदळाची पेज, वर उकडलेलं अंडं, तळलेला लसूण आणि कॉफी. भांडणाचा विषय गेली तीस वर्षं एकच आहे. मोठा कोण, सेल्मो की आमादो?

दोघंही आमच्या मालाबोन गावचे, बंधाऱ्यामागच्या गल्लीतले. दोघंही रबरी चपला घालून बास्केटबॉल शिकले आणि पुढे लीगमध्ये बिस्किटवाल्या कंपनीच्या टीमकडून एकत्र खेळले. सेल्मो मागबितांग सात नंबर, आमादो कियांबाव चौदा नंबर. सेल्मो पाचच सीझन खेळला, पण कसले पाच! तिसऱ्या सीझनचा सेल्मो ज्यानं बघितला नाही त्यानं माझ्याशी बास्केटबॉलबद्दल बोलूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मग गुडघा गेला, खेळ गेला आणि एक्क्याण्णव साली तो स्वतःही गेला. आमादो सोळा सीझन खेळला. लोकांच्या लक्षात राहावं असं त्यानं काही केलं नाही, पण जे केलं ते सोळा वर्षं रोज केलं.

आमादोची बाजू घेतो इसिद्रो. त्यानं चाळीस वर्षं जीपनी, म्हणजे आमच्याकडची वडाप गाडी, चालवली, त्यामुळे त्याला टिकून राहण्याचं फार कौतुक.

"सोळा वर्षं, दोस्ता, सोळा!" तो टेबलावर चमचा आपटतो. "त्यात सामने चुकवले किती? नऊ! ताप असो, पूर असो, गडी हजर. तुझा सेल्मो काय, पाच वर्षं उडाला आणि बसला."

"उडाला ना पण?" मी म्हणतो. "हजेरीवरच मोठेपण ठरवायचं असेल तर शाळेचा शिपाई सगळ्यात मोठा."

"अरे, सोळा वर्षं उभं राहायला दम लागतो!"

"उभा तर विजेचा खांबही राहतो."

इथं सगळी खानावळ हसते. नेनिता पेजेच्या पातेल्यामागून हसते, रिक्षावाली पोरं हसतात. हा माझा ठेवणीतला टोला आहे, आठवड्यातून दोनदा तरी काढतो.

आणि तो खांब तिथंच बसलेला असतो, पंख्याखालच्या कोपऱ्यात. सहा फूट तीन इंच उंची, वय त्र्याहत्तर. गुडघे टेबलाखाली मावत नाहीत म्हणून खुर्ची आडवी करून बसतो. बायको गेली, दोन्ही मुलगे कॅनडात. आमादो आमचं सगळं भांडण ऐकतो, खांबाच्या विनोदावर सगळ्यांबरोबर हसतो, पेज संपवतो, वाडगा स्वतः मोरीत नेऊन ठेवतो आणि काठी टेकत घरी जातो. त्याला कधी कुणी विचारत नाही, तुला काय वाटतं म्हणून. मेलेल्या माणसाशी बरोबरी लावलेली असताना जिवंत माणसानं बोलायचं तरी काय? काही बोलला तर हावरट ठरायचा. तेव्हा तो गप्प बसतो, आणि आम्ही त्याच्यादेखत त्याला रोज तागडीत घालतो.

माझा शब्द शेवटचा असतो, कारण मी टेबलावर होतो. लीगमध्ये बावीस वर्षं मी गुण लिहिले. माझं नाव यूस्ताक्यो विलार, पण सगळे ताक्योच म्हणतात. कोर्टाच्या कडेला एक लांब टेबल असायचं. मधे मी, डावीकडे घड्याळवाला, उजवीकडे माइकवर ओरडणारा बेर्तिंग. खेळ चालू असताना मी कच्च्या कागदावर पेन्सिलीनं लिहायचो, नंतर पक्क्या कागदावर शाईनं. एकदा शाई लागली की देव आला तरी आकडा हलायचा नाही. बास्केट कुणाची हे रेफरी सांगत नाही, तो फक्त फाउल कुणाचा ते दाखवतो. बास्केट कुणाची हे ठरवायचं माझ्या डोळ्यांनी. बेर्तिंग माझ्या कागदात डोकावायचा आणि मी लिहिलं असेल ते नाव हॉलभर गाजवायचा.

तर भांडण नऊच्या सुमाराला दमलं की कुणीतरी म्हणतंच, "ताक्यो, पन्नासची गोष्ट सांग." मग मी कॉफीचा कप बाजूला सारतो आणि सांगतो. एकोणऐंशीची फायनल, समोर रंगवाले, म्हणजे रंग कंपनीची टीम. चार सेकंद बाकी, आपण एका पॉइंटनं मागे, सेल्मोचे अठ्ठेचाळीस. हॉलमधली वीस हजार माणसं "पन्नास! पन्नास!" म्हणून पाय आपटतायत, माझ्या टेबलावरची पेन्सिल उड्या मारतेय. सेल्मो बॉल टाकतो, बॉल रिंगवर आपटून बाहेर येतो. बास्केटखाली पाचसहा जणांची झुंबड. आणि त्या झुंबडीतून एक हात वर येतो, सगळ्यांच्या वर. मनगटावर पांढरा पट्टा. बोटाच्या टोकानं बॉलला नुसतं शिवतो. बॉल आत! सामना आपला, सेल्मोचे पन्नास!

इथं पोरं टेबलं बडवतात. इसिद्रोसुद्धा बडवतो, मग लाजून म्हणतो, "ते पन्नास आहेत म्हणून, नाहीतर..." आणि भांडण मी जिंकतो.

मार्चमध्ये एका सकाळी वस्तीची कॅप्टन, म्हणजे आमची सरपंच, खानावळीत आली. मारिकार नाव तिचं. तीन वर्षांपूर्वी निवडून आली, पोरगी कामाची आहे, फक्त बोलते फार. आम्हा म्हाताऱ्यांना लोलो, म्हणजे आजोबा म्हणते. म्हणाली, "लोलो ताक्यो, आपल्या कोर्टाचं छप्पर झालं एकदाचं! शनिवारी चारला उद्घाटन. कोर्टाला नाव सेल्मोचं. मागच्या भिंतीवर हे एवढं मोठं चित्र काढलंय, पन्नासाव्या पॉइंटचं. आणि गोष्ट माइकवरून तुम्ही सांगायची. तुमच्याशिवाय कोण आहे आता ते टेबलावरून बघितलेलं?"

इसिद्रो फणकारला. "नाव आमादोचं द्या की. माणूस जिवंत आहे, समोर बसलाय."

"माझं काही नाही हो काका," कॅप्टन म्हणाली. "पण भिंतीवर काय रंगवू ते सांगा. सेल्मोचे पन्नास आहेत. आमादो लोलोंचा असा एक आकडा सांगा, एक दिवस सांगा. सोळा वर्षं भिंतीवर कशी काढायची?"

इसिद्रो चमचा ठेवून कॉफीकडे वळला. मी पेजेत लिंबू पिळत बसलो.

आमादो उठला. वाडगा मोरीत ठेवला. दाराशी पोचल्यावर काठीवर दोन्ही हात ठेवून वळला आणि म्हणाला, "नाव चांगलं आहे, सेल्मोचंच हवं." मग त्यानं विचारलं, "चित्रात मी आहे का?"

आख्ख्या तीस वर्षांत त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आहात की, लोलो!" कॅप्टन म्हणाली. "त्या सामन्याच्या एका जुन्या फोटोवरून जुळवलंय ना. तुम्ही खाली आहात. पाठमोरे."

"बरं," आमादो म्हणाला आणि गेला.

मी पेज तशीच टाकली. उठून घरी आलो. घर म्हणजे काय, दोन खोल्या, पाच वर्षांपूर्वीच्या पुराची रेघ भिंतीवर, आणि लूझचा फोटो. लूझ, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे, रविवारी फोन करते, "बाबा जेवलात का" विचारते, मी "जेवलो" म्हणतो, मग आम्ही दोघं एकमेकांचे चेहरे बघत बसतो. सोमवार ते शनिवार मला त्या खानावळीतल्या भांडणाशिवाय दुसरं काही नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण आहे ते आहे. ते भांडण बंद पडलं तर माझ्याशी दिवसात दोन शब्द बोलणारं कुणी उरणार नाही.

कपाटावरून मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत एकच कागद. त्या फायनलचा कच्चा कागद, पेन्सिलीनं लिहिलेला.

आता खरं सांगतो. त्या झुंबडीत हात दोन होते. पुढे आलेला आणि बॉलला शिवलेला हात चौदा नंबरचा होता. आमादोचा. सेल्मोचा हात मागून आला आणि जाळीला लागला. माझं टेबल दहा पावलांवर होतं, मला दिवसाउजेडी दिसावं तसं दिसलं, आणि मी पेन्सिलीनं लिहिलंसुद्धा, चौदा. तेवढ्यात बेर्तिंगनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "सात ना? सातच ना? पन्नास झाले ना, ताक्यो?" तो विचारत नव्हता, विनवत होता. वीस हजार माणसं नाचायला लागली होती. कुणालाही आमादोचे दोन नको होते. आमादोचे आठाचे दहा झाले असते, त्यात काय मोठंसं? मी खोडरबर घेतलं, चौदा पुसलं, सात लिहिलं. बेर्तिंगनं हॉल डोक्यावर घेतला. आणि अर्ध्या तासानं मी त्यावर शाई फिरवली.

शाई फिरवण्याआधी आमादो टेबलापाशी आला होता. घामानं निथळत होता. त्यानं एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, एकदा माझ्या कागदाकडे बघितलं.

"नीट लिहिलंस ना, ताक्यो?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला आणि सेल्मोला खांद्यावर घ्यायला लागला.

तोवर आमादो आणि मी दोस्त होतो. सामना संपला की एकाच बसनं घरी यायचो, वाटेत उकडलेली मक्याची कणसं खायचो, तो मला त्याच्या चुका सांगायचा आणि मी त्याला माझ्या. त्या सामन्यानंतर मी दुसऱ्या बसनं यायला लागलो. त्यानं दोनतीनदा विचारलं, मी काहीबाही कारणं दिली, मग त्यानं विचारणं सोडलं. आणि मी सेल्मोच्या बाजूनं बोलायला लागलो, जोरजोरात. लोकांना वाटतं मला सेल्मोचं वेड आहे. वेड कसलं डोंबलाचं! सेल्मो लहान झाला असता तर माझा कागद खोटा पडला असता, म्हणून ओरडत होतो.

हे फक्त लूझला माहीत होतं. दर नाताळला म्हणायची, "सांगून टाक रे त्याला, दोन पॉइंट तर आहेत." मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. ती गेल्यावर हे जाणणारे उरलो दोघं, मी आणि आमादो. तो सगळं जाणून गप्प बसतो हा त्याचा मोठेपणा, असं मी धरून चाललो होतो. रोज सकाळी त्या मोठेपणासमोर बसून त्याला खांब म्हणत होतो. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो बघा.

पण "चित्रात मी आहे का" म्हणाला आणि माझं काळीज फाटलं. मी ठरवलं, शनिवारी माइकवर खरं सांगायचं. कोर्टाला नाव त्याचं पडेल न पडेल, पण भिंतीवर त्याचा चेहरा तरी येईल. भांडण बंद पडलं तर पडो. लोक थुंकले तर थुंकोत. तो कागद घडी करून मी शर्टाच्या खिशात घातला.

शनिवारी चारला सगळी वस्ती कोर्टावर लोटली. पाद्र्यानं पाणी शिंपडलं, त्यातलं निम्मं माझ्या चष्म्यावर. छप्पर छान झालं होतं. बोर्डावर महापौराचं नाव सेल्मोच्या नावापेक्षा मोठं होतं, ते तसंच असतं. कडेला टेबलांवर पानसित नूडल्सची ताटं झाकून ठेवलेली, पोरं त्यांच्याभोवती घिरट्या घालतायत. मागच्या भिंतीवर सेल्मो, दोन मजले उंच, हात वर, बोटावर बॉल, मनगटावर पांढरा पट्टा. त्याच्या कमरेशी एक पाठ, चौदा नंबर, डोकं रंगवणाऱ्यानं नुसतं काळं फासलेलं. खऱ्या आमादोला पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं.

कॅप्टननं माझ्या हातात माइक दिला. मी गोष्ट सुरू केली. चार सेकंद, एक पॉइंट, अठ्ठेचाळीस. पोरं पाय आपटायला लागली. बॉल रिंगवर आपटला, झुंबड झाली, आणि तिथं मी थांबलो.

"हात आमादोचा होता," मी म्हणालो.

माइक जरा किंचाळला.

"सेल्मोचा नव्हता. मी चौदा लिहिलं होतं, मग पुसून सात लिहिलं. सगळा हॉल पन्नास मागत होता म्हणून. सेल्मोचे अठ्ठेचाळीसच. सामना आमादोनं जिंकला. मी शेहेचाळीस वर्षं खोटं सांगत आलोय."

आधी मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग बरेच जण हसले. "लोलोनं आज सकाळीच घेतलीय वाटतं!" एक रिक्षावाला ओरडला. मी इसिद्रोकडे बघितलं. वाटलं, हा तरी उड्या मारेल, तीस वर्षांनी जिंकला बिचारा. तर तो लालबुंद होऊन उभा. "काय बोलतोस हे, ताक्यो?" तो म्हणाला. "आज? सेल्मोच्या दिवशी? मेलेल्या माणसाचं काढून घेतोस?"

मी खिशातला कागद काढायला लागलो. तेवढ्यात आमादो उठला. त्याला उठायला वेळ लागतो, त्यामुळे हसणारे हळूहळू गप्प झाले. तो काठी टेकत माझ्याजवळ आला, माझ्या हातातून माइक घेतला. माइकवर बोलायची सवय नाही, म्हणून फार जवळ धरून बोलला.

"ताक्यो माझा जुना दोस्त आहे," तो म्हणाला. "त्याला माझी कीव आली. पण बॉल सेल्मोचा होता. मी खाली होतो, मला माहीत आहे. पन्नास सेल्मोचेच."

आणि मग जे झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. सगळी वस्ती उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, नवीन पत्र्याचं छप्पर दणाणलं. नेनिता पदर नाही म्हणून अॅप्रननं डोळे पुसत होती. कॅप्टन रडत होती. "काय मनाचा माणूस!" जो तो म्हणत होता. "मिळत असलेलं सोडलं! हा खरा मोठा!" इसिद्रो तर त्याला मिठी मारून सोडेचना. "मी तीस वर्षं हेच ओरडतोय!" तो सगळ्यांना सांगत होता. "हेच!" लहान पोरं रांग लावून आली आणि एकेक जण आमादोचा उजवा हात धरून कपाळाला लावून गेला, मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तसा. तोच हात. ज्या बोटांनी सामना जिंकला ती बोटं पोरांच्या कपाळांना लागत होती, पण चुकीच्या कारणासाठी, आणि हे एकट्या मला ठाऊक होतं. सोळा सीझनमध्ये एवढ्या टाळ्या त्याला एकदाही मिळाल्या नव्हत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग पानसितची झाकणं निघाली आणि गर्दी तिकडं गेली. आमादो आणि मी भिंतीखालच्या बाकावर उरलो. वर सेल्मो, बाजूला ती काळ्या डोक्याची पाठ. शेहेचाळीस वर्षांनी आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो.

"कशाला असं केलंस?" मी म्हणालो. "मी तुझं तुला परत देत होतो. घ्यायचं होतंस की रे."

"काय केलं मी?"

"खोटं बोललास. माझी लाज राखायला."

"मी कशाला खोटं बोलू, ताक्यो? तू बोललास. मला वाईट वाटू नये म्हणून बोललास, ते कळलं मला. बरं वाटलं. पण तसं नव्हतं."

मला आधी वाटलं तो अजून मोठेपणा करतोय. मी चिडलो. कागद काढून त्याच्या मांडीवर पसरला. "हे बघ. हे काय आहे? इथं चौदा होतं. पुसलेलं दिसतंय की नाही?"

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. पुसलेल्या जागी कागद जरा मळकट होता, त्यावर सात.

"पुसलंयस म्हणजे चुकलं असणार," तो म्हणाला. "तू उगाच पुसणारा नव्हेस."

"आमादो, तू टेबलापाशी आला होतास. तू तुझ्या हाताकडे बघितलं होतंस!"

"आलो असेन. पाणी प्यायला आलो असेन." तो हसला. मग त्यानं डोळे मिटले आणि सांगायला लागला. सगळं आठवत होतं त्याला. डाव्या कोपऱ्यात फरशी ओली होती. रेफरीच्या तोंडात दातकोरणं होतं. रंगवाल्यांच्या सेंटरच्या अंगाला मलमाचा वास येत होता. चार सेकंद होते की नाही याबद्दल त्याला शंका होती, पाच असतील म्हणाला, आणि खरोखर पाच होते, चार मी गोष्टीसाठी केले होते. "मग बॉल रिंगवरून आला," तो म्हणाला, "मी उडी मारली, आणि माझ्या डोक्यावरून सेल्मोचा हात आला. अजून दिसतो मला. मनगटावर पांढरा पट्टा."

मी त्याच्या मांडीवरचा कागद उचलून घेतला.

सेल्मोनं जन्मात कधी मनगटाला पट्टा बांधला नाही. घाम येतो म्हणून घड्याळसुद्धा घालायचा नाही. तो पट्टा मी बांधला होता, नेनिताच्या खानावळीत, केव्हातरी अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव साली, गोष्टीला जरा रंग चढावा म्हणून. आवडला लोकांना, मग राहू दिला. फोटोत नसलेला तो पट्टा चित्रवाल्यानं माझ्या तोंडून ऐकून काढला. आणि आमादो पंख्याखाली बसून तेव्हापासून रोज सकाळी तेच ऐकत होता. मला वाटायचं तो सोसतोय. तो ऐकत होता. मी दोन पॉइंट खोडरबरानं पुसले ते पुसलेच, पण त्याच्या डोक्यातून ती उडी काढून घेतली ती माझ्या जिभेनं. आता ती बास्केट जगात फक्त मला माहीत होती. मला इतकं एकटं लूझ गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"पट्टा नव्हता रे," मी म्हणालो. चष्मा काढून डोळे पुसायला लागलो.

"रडतोस काय असा?" आमादोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "नीट लिहिलं होतंस तू. तुला मनात राहिलं होतं का एवढी वर्षं? म्हणून दुसऱ्या बसनं जायचास?"

मी मान हलवली.

"वेडा आहेस. मला वाटायचं मीच काही बोललो असेन." पलीकडे पोरांनी नवीन कोर्टावर बॉल टाकायला सुरुवात केली होती. "चल, घरी सोड मला. आणि वाटेत गोष्ट सांग, रोज सांगतोस तशी. आज माइकवर बिघडवलीस बघ."

आम्ही निघालो. त्याचा एक हात काठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. बंधाऱ्याच्या कडेनं हळूहळू चालत मी सांगायला लागलो. चार सेकंद, एक पॉइंट, अठ्ठेचाळीस. बॉल रिंगवर आपटला. झुंबड झाली. मी थांबलो, तर त्यानं खांद्यावरचा हात जरा दाबला. मग मी झुंबडीतून सेल्मोचा हात वर काढला, पांढऱ्या पट्ट्यासकट, आणि बॉल आत घातला.

आमादो खूश होऊन हसला. चार पावलं गेल्यावर म्हणाला, "आणि मी कुठं होतो रे तेव्हा? ते तू कधीच सांगत नाहीस."

"तू खाली होतास," मी म्हणालो. "जागा धरून उभा होतास."

"बरं," तो म्हणाला.